डोंगरातले गरम पाण्याचे झरे : पाण्यात उतरण्याआधी काय बघावं

कडेकपार

गरम झऱ्यांबद्दल विचारणा होते ती बहुतेक वेळा वाटेची. कुठून चढायचं, किती तास लागतात वगैरे. ती माहिती सहज मिळते. कुंडाशी पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय बघायचं हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही, आणि भाजण्याच्या घटना घडतात त्या नेमक्या तेव्हाच. म्हणून हा धागा. बांधीव, देखरेख असलेल्या स्नानगृहांबद्दल नव्हे, तर उघड्यावरच्या, जशा आहेत तशा जागांबद्दल बोलू.

सुरुवात तापमानापासून. अंगाला सोसणारी पट्टी फार अरुंद असते. ३६ ते ३८ अंश सेल्सिअस म्हणजे सुखद कोमट. ३८ ते ४० म्हणजे छान गरम. ४० च्या वर थोडाच वेळ, आणि ४२ च्या पुढे उतरायचंच नाही. त्यापुढे भाजायला लागणारा वेळ किती झपाट्याने घटतो बघा: ४९ अंशांना सुमारे दहा मिनिटं, ५५ ला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर, ६० ला जेमतेम पाच सेकंद. हे आकडे मोठ्या माणसाच्या कातडीचे आहेत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं याहून लवकर भाजतात. आता लक्षात घ्या, एकाच झऱ्याच्या तोंडाशी ८५ अंश आणि वीस पावलांवर ३९ अंश असू शकतात. ‘या झऱ्याचं तापमान अमुक आहे’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. तापमान असतं ते तुम्ही पाय टाकणार त्या जागेचं.

पोचल्यावरचा क्रम असा ठेवावा:

बूट घालूनच, काठापासून दोन-तीन मीटर दूर राहून पूर्ण फेरी मारा. पाणी कुठून येतंय, कुठून बाहेर पडतंय, वाफ जमिनीतून आणखी कुठे निघतेय ते बघा. काठाची जमीन काठीने ठोकत पुढे सरका. पोकळ आवाज आला, काठी रुतली किंवा पांढरट पापुद्रा तडकला तर तिथून मागे फिरा. मग तापमापी. वायर असलेली, स्टीलच्या सळईची, वायर दीड-दोन मीटर लांब, ११० अंशांपर्यंत मोजणारी घ्या. मोजायचं चार ठिकाणी: पाणी आत येतं तिथे, मधोमध, बाहेर पडतं तिथे, आणि तळाच्या वाळूत सळई टोचून. हे चौथं मोजमाप सगळ्यात जास्त चुकवलं जातं. वरचं पाणी ३९ असताना तळच्या वाळूतून ६० चं पाणी झिरपत असू शकतं, आणि बसल्यावर पहिली टेकते ती मांडी.

शेवटी काठीने पाणी चांगलं ढवळून पुन्हा मोजा. स्थिर डोहात गरम पाणी वर तरंगतं. माणूस उतरला की थर मिसळतात आणि पाणी अचानक वेगळंच लागतं.

---

गारगोटी

चांगला धागा. एक विचारायचं होतं. इन्फ्रारेड गन (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) लांबूनच चालते, मग पाण्याजवळ जाऊन सळई बुडवायची गरज काय? आणि तापमापी बरोबर दाखवतेय हे घरी कसं तपासायचं?

---

कडेकपार

गन फक्त पृष्ठभाग वाचते, अगदी केसभर जाडीचा. उघड्या डोहाचा पृष्ठभाग बाष्पीभवनाने निवत असतो, त्यामुळे आकडा आतल्या पाण्यापेक्षा कमी येतो. मध्ये वाफ असली तर गन वाफच मोजते. तळाचं तर काहीच कळत नाही. गन जरूर न्या, पण ती जमिनीसाठी आणि दगडांसाठी. ज्या कातळावर बसणार, कपडे ठेवणार, तो आधी गनने बघावा. पाण्याला सळईच.

तपासणी सोपी आहे. पेलाभर चुरलेला बर्फ घ्या, बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा. सळई मधोमध, भांड्याला न टेकवता धरली की ० दाखवायला हवं. एक अंश इकडेतिकडे चालेल. तीन अंशांचा फरक असेल तर ती तापमापी या कामाची नाही, कारण इथे ४० आणि ४३ यांतच सगळं आहे.

---

पाणलोट

कडेकपार यांनी मोजण्याचं सांगितलंच आहे. डोळे कसे फसवतात ते मी लिहितो.

बुडबुडे. बुडबुडे म्हणजे उकळणं नव्हे. अनेक झऱ्यांतून कार्बन डायऑक्साइड वर येतो, आणि ३५ अंशांचं पाणीही खदखदल्यासारखं दिसतं. उलटही होतं: ८० अंशांचं पाणी आरशासारखं शांत असू शकतं. उंचीचं गणितही ध्यानात ठेवा. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. लडाखचं पुगा खोरं ४४०० मीटरच्या आसपास आहे; तिथे पाणी ८५ च्या जवळपासच उकळतं. ‘उकळतंय पण शंभर नाही’ याने कातडीला काही फरक पडत नाही.

वाफ. थंडीच्या सकाळी ३५ अंशांचं पाणीही ढग सोडतं. दुपारी कोरड्या उन्हात ६५ अंशांच्या पाण्यावर वाफ जेमतेम दिसते. वाफेवरून हवेचा अंदाज येतो, पाण्याचा नाही.

रंग. हा थोडा उपयोगी आहे. प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू सुमारे ७३ अंशांच्या वर तगत नाहीत. त्यामुळे खूप तापलेल्या झऱ्याचा मधला भाग स्वच्छ, गडद निळा असतो, आणि जसजसं पाणी काठाकडे निवतं तसतसे पिवळे, नारिंगी, तपकिरी, हिरवे पट्टे उमटतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगचे प्रसिद्ध रंग याच कारणाने आहेत. म्हणजे सुंदर निळं, तळ दिसणारं पाणी हेच सगळ्यात धोक्याचं.

---

रानवाट

मग हिरवं शेवाळ दिसलं तर पाणी सोसण्याजोगं आहे असं समजायला हरकत नाही ना?

---

पाणलोट

हरकत आहे, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. रंगीत थर एवढंच सांगतो की तिथलं पाणी ७३ च्या खाली आहे. ७० लाही तो असतो आणि ७० ला पाय एका सेकंदात भाजतो. बरं, आपण ज्याला शेवाळ म्हणतो तो बहुतेकदा सायनोबॅक्टेरियांचा थर असतो, बुळबुळीत, कातळावर साबण फासल्यासारखा. घसरून गरम पाण्यात पडण्याची ही नेहमीची जागा. त्यावर पाय देऊच नये, तुमच्यासाठीही आणि त्या थरासाठीही. एक पाऊल पडलं की तिथला थर उखडतो आणि पुन्हा जमायला बराच काळ लागतो.

काठाबद्दल थोडं अधिक. पाण्यात विरघळलेली सिलिका किंवा चुना काठावर साचत जातो आणि पाण्यावर छज्जासारखा पुढे येतो. वरून तो पक्का कातळ वाटतो, खाली मात्र पाणी असतं. शिवाय गरम पाणी आणि आम्ल वायूंनी आजूबाजूचा खडक कुजून माती होते. खडकावर पांढरे, पिवळे, तांबडे डाग आणि हाताने चुरणारी माती दिसली की तिथे वजन टाकू नका.

---

सह्यकडा

हे झरे नेमके कशामुळे? ज्वालामुखी असल्याशिवाय पाणी इतकं तापतं कसं?

---

पाणलोट

ज्वालामुखी लागतोच असं नाही. हिमालयात जागोजाग गरम झरे आहेत, मणिकरणसारखे उकळते सुद्धा, पण त्यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली गेलं की तापतं, आणि एखाद्या मोठ्या भ्रंशरेषेच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, वाटेने लवकर वर आलं की निवायला वेळच मिळत नाही. तरुण डोंगररांगांत खडक वेगाने वर उचलला जातो, त्यामुळे खोलवरची उष्णता पृष्ठभागाच्या आणखी जवळ असते.

याचा प्रवाशाला उपयोग असा: झरे भ्रंशरेषेवर असतात, म्हणजे खडक चुरलेला, दरी खोल, उतार तीव्र. ज्या कारणाने तिथे झरा आहे त्याच कारणाने तिथे दरडी कोसळतात. पावसात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत कुंडापेक्षा वरच्या उताराकडे जास्त लक्ष ठेवा. कुंडाभोवती ताजे, धारदार कडांचे, मातीने न माखलेले दगड पडलेले असतील तर तिथे रेंगाळू नका. भूकंपानंतर झऱ्याचा प्रवाह आणि तापमान दोन्ही बदलू शकतात, म्हणून फलकावरचा किंवा जुन्या लेखातला आकडा जुनाच समजावा.

---

वातझोत

वायूंबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते हा भाग पाण्यापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण भाजलेलं कळतं, वायूचं कळत नाही.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. नाक त्याला फार लवकर ओळखतं, दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असताना. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की वास घेण्याची क्षमताच बधिर होते. म्हणून ‘मघाशी वास येत होता, आता गेला’ हे ऐकलं की थांबून विचार करायचा नाही, वाऱ्याच्या दिशेला आडवं, चढावर निघायचं. डोळे चुरचुरणं, घशात खवखव, डोकं जड होणं या त्याच्या आधीच्या खुणा आहेत.

कार्बन डायऑक्साइडला वास नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड आहे. दोन्ही वायू खळग्यांत, गुहांत, खडकांच्या कपारीत, चहूबाजूंनी दगड रचून केलेल्या कुंडात साचतात. वारा पडलेल्या रात्री आणि पहाटे जास्त. बसलेल्या माणसाचं नाक जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतं, लहान मुलाचं त्याहून खाली, हे विसरू नये. मेलेले किडे, पाखरं, उंदीर खळग्यात दिसले तर तो सगळ्यात स्पष्ट इशारा.

बर्फात आणखी एक. वायू निघतो तिथे बर्फाखाली पोकळी होते, वरचा थर तसाच राहतो. कॅलिफोर्नियाच्या मॅमथ माउंटनवर २००६ साली स्की-गस्तीतले तिघे अशाच पोकळीत दगावले. बर्फात एकट्यादुकट्याच जागी बशीसारखा खोलगट भाग किंवा उघडी जमीन दिसली तर जवळ जाऊ नका. कुणी आत कोसळलं तर मागोमाग उतरू नये. वरून दोर टाकून ओढता आलं तरच ओढायचं.

तंबू झऱ्याच्या खालच्या अंगाला, खोलगटात लावू नये. उबदार जमीन बघून तिथेच झोपण्याचा मोह होतो. चढावर, वारा खेळता असेल तिथे लावा.

---

गारगोटी

वातझोत, हे फार उपयोगी. नदीकाठच्या कुंडांचं काय? गरम ओहोळ नदीला मिळतो तिथे दगड रचून केलेले छोटे डोह असतात ते.

---

ओघळ

तो माझा आवडीचा विषय, जरा सविस्तर लिहितो.

मिसळण्याचं गणित सरळ आहे. गरम पाणी ६०, नदी १०, हवे ३९. गरम पाण्याचा वाटा = (३९ − १०) ÷ (६० − १०) = ०.५८. म्हणजे दहा बादल्यांत सहा गरम, चार थंड. गरम पाणी ८० असेल तर वाटा २९ ÷ ७०, म्हणजे दहात चारच. उघड्या डोहात हवेने आणि थंड तळामुळे दोन-तीन अंश जातात, म्हणून गरमचा वाटा थोडा चढा ठेवावा आणि थंडीचा दगड हाताशी ठेवावा: नदीकडच्या बांधातला एक सैल दगड, जो काढला की थंड पाणी आत येतं. ही फट गरम तोंडाच्या शेजारी हवी, समोर नव्हे. समोर ठेवली तर एका टोकाला भाजतं, दुसऱ्या टोकाला गारठतं.

पाणी किती वेळात बदलतं हे पण मोजा. दहा लिटरची पिशवी ओहोळाखाली धरली आणि वीस सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला अर्धा लिटर. दोन मीटर लांब, दोन रुंद, अर्धा मीटर खोल डोहात २००० लिटर पाणी. ते पूर्ण बदलायला तासाहून जास्त वेळ लागतो. पाच जण बसून उठले तर पुढच्यांनी तासभर थांबावं हे बरं.

नेहमी चुकतं ते नदीच्या वेळेमुळे. बर्फावर चालणारी नदी पहाटे उतरलेली असते आणि दुपारनंतर, कधी संध्याकाळी, चढते. त्यामुळे सकाळी थंड पाणी कमी मिळतं, डोह जास्त गरम असतो. काल संध्याकाळी ३९ होतं म्हणून आज सकाळी न मोजता उतरणारा भाजतो. उलट दुपारी पाणी चढलं की बांध वाहून जातो. पाण्याच्या रेषेवर एक खूण-दगड ठेवा. दर पंधरा मिनिटांनी बघा. बोटभर जरी चढलं, पाणी गढूळ झालं किंवा काटक्या वाहून यायला लागल्या तर बाहेर. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, त्याला खूण-दगड पुरत नाही.

आणि जाताना रचलेला बांध मोडून दगड नदीत पसरून ठेवा. झऱ्याचं मूळ तोंड मात्र कधीही उकरू, रुंद करू किंवा बुजवू नये.

---

पाणलोट

ओघळ यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून: यलोस्टोनच्या मॉर्निंग ग्लोरी पूलमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला. तोंड अंशतः बुजलं, गरम पाणी कमी यायला लागलं, डोह निवला आणि निळ्याचा पिवळा-हिरवा झाला. एक नाणं टाकून काय होतं, याचं उत्तर तिथे दिसतं.

---

नाडीपरीक्षा

तब्येतीच्या बाबतीत लिहिते.

एका बैठकीत ४० अंशांना दहा ते पंधरा मिनिटं पुरे. मग बाहेर येऊन तितकाच वेळ बसा, पाणी प्या, हवं तर पुन्हा उतरा. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी काठावर पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना ही अंधारी जास्त येते. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर पायाने पाणी जोखणं धोक्याचं, तापमापीवरच भरवसा ठेवावा. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचं तापमान चढलेलं बाळाला अपायकारक ठरू शकतं. डोंगरातलं न मोजता येणारं पाणी टाळलेलंच बरं. दारू घेऊन पाण्यात उतरू नका, आणि एकट्याने तर नाहीच.

२५०० मीटरच्या वर पोचल्याच्या दिवशी लांब डुंबू नये. विरळ हवेने आधीच शरीर कोरडं झालेलं असतं, त्यात घाम गेला की डोकेदुखी आणि मळमळ कशाची, उंचीची की गरम पाण्यात बसण्याची, हे ओळखता येत नाही. उतरण्याआधी अर्धा लिटर पाणी, नंतर पुन्हा अर्धा.

डोकं पाण्याखाली नेऊ नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा असू शकतो. पाणी नाकात शिरलं तर तो मेंदूपर्यंत जातो. हा आजार फार दुर्मीळ, पण झाला तर जवळजवळ नेहमी जीवघेणा. तोंडावर पाणी मारणं, डुबकी, मुलांची उड्या मारण्याची चढाओढ, सगळं टाळावं. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, ताप, मान ताठरणं असं काही झालं तर डॉक्टरांना गरम झऱ्यात गेल्याचं आवर्जून सांगा. जखम उघडी असेल तर उतरू नये.

---

रानवाट

हे पाणी खनिजयुक्त असतं, मग उकळून किंवा गाळून प्यायला चालेल का?

---

पाणलोट

नको. खोलवर खडकातून येताना पाण्यात आर्सेनिक, फ्लोराइड, बोरॉन विरघळलेलं असू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, ही द्रव्यं मात्र पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. ट्रेकला नेतो ते साधे फिल्टरही ती काढत नाहीत. पिण्याचं पाणी झरा नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाने भरा.

काही झरे तीव्र आम्लधर्मी असतात, तिथे डोळे झोंबतात आणि बारीक खरचटलेलंही चुरचुरतं. पीएचची (आम्लता मोजणारी; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) कागदी पट्टी दोन सेकंदांत सांगते. ४ च्या खाली असेल तर मी उतरायचा सल्ला देणार नाही. चांदीचे दागिने गंधकाने काळे पडतात, काढून ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्सही.

---

नाडीपरीक्षा

भाजल्यावर काय करायचं ते राहिलं. माणूस गरम पाण्यात पडला तर मागे उडी मारू नका. काठी, दोर, ओढणी पुढे करा. कुत्रा बरोबर असेल तर तो दोरीनेच बांधलेला हवा, कारण त्याच्यामागे धावणारा माणूसही पडतो. बूट-मोजे लगेच काढा, गरम पाणी त्यात अडकून भाजणं चालूच राहतं. अंगठ्या, पैंजण, घड्याळ सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी वीस. बर्फ नको, मलम नको. नदी बर्फाची असेल तर पाणी भांड्याने ओता, पाय नदीत बुडवून ठेवू नका, आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. मग स्वच्छ प्लास्टिकची पातळ फिल्म सैल पसरून झाका. तळहातापेक्षा मोठा भाग, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जांघ भाजली असेल तर तिथूनच खाली दवाखान्याकडे निघायचं.

---

सह्यकडा

सामानाचं कुणी सांगेल का? थंडीत जायचं असेल तर.

---

ओघळ

पट्टा असलेले, जाड तळव्याचे सँडल, पाण्यातही पायातच ठेवायचे. सपाता वाहून जातात. दोन टॉवेल: एक अंग पुसायला, एक पायाखाली. लोकरीची टोपी आणि कोरडे कपडे पिशवीत, घालायच्या उलट्या क्रमाने भरलेले, म्हणजे सगळ्यात आधी लागणारं सगळ्यात वर. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांतून उष्णता भराभर निघून जाते, त्यामुळे बाहेर आल्यापासून पाच मिनिटांत कोरडं होऊन टोपी डोक्यावर हवी. सुती कपडे ओले झाले की कुचकामी. काचेची वस्तू काठावर नेऊ नका, अनवाणी माणसं असतात. साबण, तेल, सनस्क्रीन लावून उतरू नका. शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा.

---

गारगोटी

शेवटचं. रात्री चांदण्यात डुंबण्याची इच्छा बऱ्याच जणांना असते. त्याबद्दल?

---

कडेकपार

उजेडात चारही ठिकाणी मोजलेलं कुंड असेल, वाट दिवसा चालून झालेली असेल आणि वारा हलता असेल तर हरकत नाही. अनोळखी कुंडाशी अंधारात जाऊ नका. हेडलॅम्पचा झोत वाफेवर आदळून परत फिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. काठ दिसतच नाही. टॉर्च कपाळाऐवजी गुडघ्याच्या उंचीला, जमिनीकडे तिरपी धरली तर वाफेखालून पाच-सहा पावलांपर्यंत स्पष्ट दिसतं. वाटेवर दिवसाच चार-पाच परावर्तक पट्ट्या दगडांना गुंडाळून ठेवा, परतताना गोळा करा. आणि उतरण्याआधी पुन्हा मोजा. संध्याकाळचा आकडा रात्री धरू नका.